सतरा साते

हुबळीच्या बाईंनी तानपुरा आणला
एस्टीतून, गोधडीत गुंडाळून.
मिरज स्टँडपासून सतारमेकर गल्लीपर्यंत
रिक्षावाल्याला हातसुद्धा लावू दिला नाही.
म्हणाल्या, षड्ज धरतो, पण मागून
कुणीतरी खोकल्यासारखं वाटतं.

भोपळा जोडावरून उकलायला वेळ लागतो.
ओला फडका, गरम पातं, आणि घाई न करणं.
आमचा पणजा तलवारींना पाणी द्यायचा;
तलवारी गेल्या, हात रिकामे राहिले,
मग कुणीतरी मोडकी सतार आणून पुढ्यात ठेवली.
घरात एवढंच सांगतात. खरं-खोटं मला ठाऊक नाही.

तबली सुटली. आत अंधार,
भीमाकाठच्या मळ्यातला, वाळून कडकडीत झालेला.
बॅटरी मारली.
तड्यावर कागदाच्या पट्ट्या:
निळ्या रेघा, लाल समास,
आणि अक्षर माझं.

यासीन दस्तगीर शिकलगार, चौथी ब.
सतरा साते एकशे सतरा.

ही वही हरवली म्हणून कोळेकर गुरुजींनी
रूळ मोडेस्तोवर मारलं होतं.
अब्बांना विचारलं, वही पाहिली का?
ते घोडीवर कानस फिरवत होते.
मान वर न करताच ‘नाही’ म्हणाले.
रात्री मात्र माझ्या तळहातांना खोबरेल लावत बसले,
पॉलिशचा हात देतात तसं,
गोल गोल, खूप वेळ.

घरात दुसरा कागद नव्हता,
की गिऱ्हाईक दारात उभं होतं,
की वही नुसती हाताशी होती...
कबरस्तानात जाऊन विचारण्याइतकी
मोठी गोष्ट नाही ही.

अडतीस वर्षं माझा पाढा
पहाटे चारला उठून रियाजाला बसत होता.
मी त्या वेळी झोपलेला असायचो.

एका पट्टीची कड सुटली होती. तीच खोकत होती.
सरस गरम केला.
कानावरची पेन्सिल काढली,
सतरा खोडायला टोक टेकवलं,
आणि पुन्हा कानावर ठेवून दिली.
चुकीसकट जे सुरात वाजत आलंय
त्यात आता मी कशाला लुडबुड करू.
कड बोटानं दाबून धरली, सरस धरेपर्यंत.

संध्याकाळी बाईंनी तारा छेडल्या, डोळे मिटले.
काय होतं हो आत?
काही नाही, म्हटलं, कागद सुटला होता.
किती झाले?

मी बोटांवर मोजू लागलो.