वाऱ्याची हमी

नंगा पुतळ्यापासून आत,
हळद-मिरचीच्या ठोक दुकानावर,
दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस.
येणारा जिन्यात दोनदा शिंकतो,
तिसऱ्या शिंकेला सुकेशिनी दार उघडते.
बेल आम्ही लावलीच नाही.

तीन कॉम्प्युटर, चार खुर्च्या, एक कूलर.
कूलरमध्ये पाणी भरणं हेही डिझाइनमध्येच येतं
असं प्रज्योतला पहिल्या दिवशी सांगितलं.
त्यानं वहीत लिहून घेतलं.

लागणारं सगळं एका कागदावर आहे, स्विचबोर्डाशेजारी:
कुठला फॉन्ट फुकट,
कुठला फुकट वाटतो आणि मग नोटीस येते,
फोटो कुठं हलके करायचे,
डोळ्यांनी न दिसणाऱ्याला पान कसं ऐकू जातं ते कुठं तपासायचं,
कोणता ग्राहक दुपारी झोपतो,
लाइट गेली तर खालच्या चरणच्या इन्व्हर्टरची वायर.
आणि तळाशी तन्वीरच्या अक्षरात, लाल पेनानं:
आधी मोबाइलवर पाह्य बे.
कागद पिवळा पडलाय,
जुना झाला म्हणून की हळदीनं
हे विचारणं आम्ही सोडलंय.

एप्रिलात रूपचंद बारापात्रे आले.
सक्करदऱ्याला वाळ्याच्या ताट्या करतात.
बाहीला काड्या चिकटलेल्या.
सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले,
हिवाळ्यात कोण घेते ताट्या?
दुकानावर पडदा टाकतो
तसं हे बी झाकून ठेवता येते का?
तेवढंच भाडं वाचते.
आणि जिन्यातून परत फिरून:
वास येईन असं काही होत नसन ना यात?

नाही म्हणालो.
पण त्या रात्री मातकट पिवळ्याच्या
अकरा छटा लावून पाहिल्या.
एकही ओली होईना.

त्यांची ओळ एकच होती, बिलामागे लिहून आणलेली:
गार वाऱ्याची हमी.
नेमकी तीच फुटली.
आधी वा,
मग पाय मोडलेला र,
मग ठिपक्याठिपक्यांचं रिकामं वर्तुळ,
त्याच्यामागे याची, लोंबकळत.
वारा गेला ना बे, तन्वीर म्हणाला.

आमच्याच पत्त्यातला दुसऱ्या असाच मोडला होता,
तेव्हा वरच्या मजल्यावर लिहून आम्ही मोकळे झालो होतो.
यांना वरचा शब्द कुठून आणायचा?
हवा काय, पंख्याचीही असते.

सात वाजता सुकेशिनीला सापडलं.
मोडक्या र आणि य यांच्या मधे
एक खूण टाकायची असते.
दिसत नाही, जागा घेत नाही, छापली जात नाही,
नुसती धरून ठेवते.
प्रज्योतनं बॅकस्पेस दाबत दाबत मोजलं:
दिसतात त्याहून एक जास्त भरतं.
कागदावर ती खूण लिहायला गेली
आणि पेन धरून थांबली.
शेवटी दोन उभ्या रेघा काढल्या,
मधे जागा सोडली.

बारापात्रेंनी मोबाइल हातभर लांब धरून पाहिला.
वाऱ्यावरून नजर सरळ पुढं गेली,
कुठं अडखळली नाही.
आम्ही चौघं एकमेकांकडे पाहतोय
तेवढ्यात म्हणाले,
पण नंबर तं माया साळ्याचा टाकला तुम्ही.

अर्धे पैसे रोख दिले,
अर्ध्यात आमच्या कूलरला नवी ताटी.
सुतळीच्या गाठी स्वतः मारल्या,
वर बाटलीभर पाणी ओतलं आणि
आता घ्या वास, म्हणाले.

दिवाळीनंतर पान झाकलं, सांगितलं होतं तसं.
भाडं काही वाचत नाही, ते त्यांना अजून पटलेलं नाही.
आता तिथं दोनच शब्द आहेत:
मार्चमध्ये भेटू.

डिसेंबरात मी आकडे उघडले.
महिनाभरात एक माणूस येऊन गेला होता,
चंद्रपूरहून, रात्री पावणेतीनला,
आणि त्या दोन शब्दांवर
सहा मिनिटं थांबला होता.