उकिडवे बसत नाहीत

शुक्रवारी दुपारच्या खेळाला आम्ही तिघे गेलो,
मी, निवृत्ती शेडगे आणि क्रेनवाला सरफराज नाखवा.
तिकिटं मात्र चार काढली.
चौथ्या खुर्चीवर बशीर माखजनकरचा चष्म्याचा डबा ठेवला,
आत चष्मा नाही, नुसता डबा.

नरहर उकिडवे.
टपाल खात्यातून निवृत्त, पाऊल सपाट, कवळी सैल.
खुनाच्या खोलीत शिरले की आधी
आडनावाला जागून उकिडवे बसायचे,
आणि फरशी वाचायचे,
दुसऱ्याची मनीऑर्डर वाचावी तशी, ओठ न हलवता.
एकूण बावीस पुस्तकं. सुट्टीवरून येणाऱ्याच्या बॅगेतून
सुक्या बोंबलांना खेटून रुवीपर्यंत यायची,
म्हणून आमच्याकडे प्रत्येक खुनाला तो वास होता.

नाखवा उर्दू शाळेतला, देवनागरी त्याला जड.
बशीर मोठ्याने वाचायचा, आठ खाटांच्या खोलीत,
कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून.
खुनी सापडायच्या आत बत्ती गेली
तर मोबाईलच्या उजेडात.

सतराव्या पुस्तकाचा शेवटचा फर्मा
बांधणारा बांधायलाच विसरला होता.
ऐंशीव्या पानाच्या तळाशी
उकिडवे उठतात, गुडघे कटकन वाजतात, आणि विचारतात,
‘ग्लास विसळला कुणी?’
मग पुठ्ठा.

एकोणीस वर्षं आम्ही त्या पुठ्ठ्यावर डोकं आपटलं.
शेडगे म्हणायचा, कंपाउंडर.
नाखवा म्हणायचा, विधवा बहीण, ती फार रडते.
प्रकाशकाला लिहिलं, पत्र परत आलं,
पत्त्यावर कुणी नाही.
बशीर म्हणायचा, खून झालेलाच नाही रे.
एकटा राहणारा माणूस पाणी पितो,
ग्लास विसळतो, पालथा घालतो, मग मरतो.
आम्ही हसायचो. असलं पुस्तक कोण छापेल?

आणि आता त्याच सतराव्यावर सिनेमा!
शेडग्याने शर्टाला इस्त्री केली.
नाखवाने पैज लावली, दहा रियाल.

पडद्यावर आला तो सहा फुटी, आडनावच नसलेला.
दंड असे की बाहीला घाम फुटावा.
खोलीत शिरला, खाली पाहिलंसुद्धा नाही,
गॉगलमधून भिंतीकडे बघून म्हणाला, ‘आय नो.’
विधवा बहीण नाचली. कंपाउंडरचा शास्त्रज्ञ झाला.
काचेच्या मनोऱ्यावरून उडी, मग वाळूत गाड्या,
आमचंच हे वाळवंट,
पण इतकं स्वच्छ की त्यात एकही पाण्याचा टँकर नव्हता.
ग्लासाच्या जागी पेन ड्राइव्ह.
तो कुणी विसळला नाही.
खुनी निघाला मंत्री, तोही पहिल्यांदाच दिसलेला,
आणि खाली अरबी अक्षरं
उजवीकडून डावीकडे धावत होती,
जणू गोष्ट उलटी गुंडाळून परत पाठवत होती.

मध्येच नाखवाने विचारलं, उकिडवे कधी येतील?
मी म्हटलं, मध्यंतरानंतर.
मध्यंतरानंतर त्याने विचारलं नाही.

बाहेर पडलो तेव्हा चार वाजले होते,
डोंगर तव्यासारखे, डांबर मऊ.
पैज कुणी जिंकली नाही.
शेडगे म्हणाला, पैसे बुडाले. मग म्हणाला, चहा घेऊ.
मला गेल्या रमजानातली ती खोली आठवत होती,
पोलीस येण्याआधीची.
मोरीच्या कट्ट्यावर पालथा स्टीलचा ग्लास,
कोरडा.
मी हे दोघांना सांगितलेलं नाही.

थिएटरच्या मागच्या भिंतीला हातभर सावली होती.
तिच्यात बसून होती सुट्टीची माणसं,
बंगाली, पठाण, आंध्रवाले, दोघेतिघे आपल्याकडचे,
सगळी उकिडवी,
घरी फोन लावत, किंवा नुसतीच जमिनीकडे बघत,
ओठ न हलवता.

चष्म्याचा डबा खुर्चीवरच राहिला, हे नाखवाच्या ध्यानात आलं.
तो आणायला आत पळाला.
आम्ही दोघे वाट बघत सावलीत टेकलो.
रांगेतून कुणीतरी उठलं.
गुडघे कटकन वाजले.
शेडग्याने चटकन मान वळवली.
मीही.