पोहोच

पिशवी रिक्षातून आली, एकटीच.
भाडं आधीच दिलेलं.
तोंडाला सुतळी, सुतळीच्या गाठीत घडीचा कागद:
सोबत यादी आहे. मोजून घ्यावे. पोहोच द्यावी.

आम्ही हसलो. दत्तवाडीच्या या खोलीत
लोक बोचकी टाकून जातात आणि मागं बघत नाहीत.
पोहोच आजवर कुणी मागितली नव्हती.

खोली गिरणीला लागून. पलीकडे दळण पडलं
की इकडे फरशी थरथरते, टाका सुतभर वाकडा जातो.
शेवंता म्हणते, आपली गोधडी आंधळ्यानं ओळखावी,
बाजरीचा वास येतो.

मी वाचत गेले, ताहेरा मोजत गेली.
लुगडी दोन, एक विरलेलं.
सफारी, राखाडी, फक्त पँट.
परकर सात, नाड्या काढून घेतल्या आहेत.
पडदे, खणाची चोळी, उशांचे अभ्रे पाच
(सहावा सापडत नाही, सापडल्यास पाठवते).
आणि शेवटी, अकरा नंबरला,
शर्ट एक. कापू नये.

"मग दिला कशाला?" ताहेरा.
"कपाट भरलं असेल," शेवंता.
यमुनाकाकूंनी तो उजेडाला धरला.
पॉपलीन, बारीक निळी रेघ,
मानेशी धोब्याची खूण, काळे तीन ठिपके,
आणि कॉलर उलटवलेली. झिजलेली बाजू आत,
कोरी बाहेर, शिवण अशी की नखाला लागू नये.
काकूंनी इंचात टाके मोजले. चौदा भरले.
पन्नास वर्षं सुई धरलेली बाई
"मला नाही जमायचं," म्हणाली,
आणि चहा गार होईस्तोवर कुणी काही बोललं नाही.

दोन महिने शर्ट खिळ्यावर होता.
पिठानं खांदे पांढरे झाले.
मग काकूच म्हणाल्या, घाला पोटात.

खाली धड असलेलं लुगडं अंथरलं.
त्यावर परकर, अभ्रे, विरलेलं लुगडं चौपदरी,
मधोमध शर्ट, अख्खा.
बाह्या मी छातीवर दुमडल्या होत्या,
ताहेरानं उलगडून सरळ केल्या:
"गोळा होतो गं मध्ये."
वरून राखाडी, खण, पडद्याची फुलं.
धावदोरा कडेनं सुरू झाला, फेऱ्या घेत आत शिरला.
सुई शर्टाच्या काठाशी आली की जरा जड लागे,
चौघींना कळे, चौघी तिथं गप्प.
"टोचणं म्हणजे काही कापणं नाही,"
ताहेरानं एकदाच निकाल दिला.

कर्वे रोडच्या प्रदर्शनात एका मुलीनं घेतली.
हॉस्टेलला राहते, अंगावर ओढूनच बघितली, तिथल्या तिथं.
आत कापूस आहे का, विचारलं.
काकू म्हणाल्या, नाही, कपडे.

यादीखाली सही आहे, पत्ता नाही.
फोन नंबर सहा आकडी.
पुण्यात सहा आकड्यांवर घंटी वाजायची बंद झाली
त्याला ताहेराच्या मुलीचं वय झालं.
रिक्षावाला कोण होता, कुणी बघितलं नाही.

म्हणून पोहोच इथं लिहिते.
एक ते दहा, मिळाले. बरोबर आहे.
सहावा अभ्रा अजून आलेला नाही, घाई नाही.
परकरांना नाड्या नव्हत्या, हेही बरोबर.
अकरा, शर्ट. कापला नाही.
बटणं तेवढी काढावी लागली, सुई मोडते.
सात आहेत, एकाचा दोरा वेगळ्या रंगाचा.
खिडकीत वाटीत ठेवली आहेत.
केव्हाही येऊन न्यावीत.
गिरणीच्या आवाजात हाक ऐकू येत नाही,
दार ढकलावं.