लिहून देणार, लिहून घेणार

स्टँपपेपरवर सगळं आलं होतं.
भाडं साडेअकरा हजार, अनामत तीन महिन्यांची,
भिंतीत खिळा मारायचा तर आधी विचारायचं.
आम्ही ‘लिहून देणार’,
लांजेवार ‘लिहून घेणार’, मुदत अकरा महिने.

जे आलं नाही ते मी तोंडी सांगितलं,
किल्ल्या पुढे केलेल्या, पण मूठ मिटलेली:
बाथरूमचं दार जरा वर उचलून लावा,
नाहीतर कडी बसत नाही.
गॅलरीतला नळ पहाटे खोकतो,
घाबरू नका, पाणी येतंय.
आणि मे महिन्यात कूलर खिडकीत नाही, दारात ठेवा,
हे कळायला आम्हाला चार उन्हाळे लागले.
लांजेवारची बायको ‘हो ताई, हो ताई’ करत
पडद्यांची मापं घेत होती.

बँकेत एकवीस वर्षं मी लोकांचे हप्ते मोजले.
स्वतःचा मोजला तेव्हा पेन जरा थांबलं.
बत्तीस हजार चारशे. दोनशे चाळीस महिने.
दिवाकर म्हणाले, नंदनवनचा फ्लॅट विकू, मोकळे होऊ.
मी म्हटलं, राहू द्या,
भाडं येईल, वरचे आपण भरू,
म्हातारपणी घरच घराला पोसतं.
खरं कारण वेगळं होतं.
ते मला तरी कुठे माहीत होतं.

आता जामठा, सातवा मजला.
वारा भरपूर, ओळख कुणाशीच नाही.
अंधारात हात डावीकडे जातो बटण शोधत,
तिथे नुसती गुळगुळीत भिंत.

लांजेवार मिहानमध्ये कामाला,
त्याच्या कंपनीचा निळा बोर्ड माझ्या खिडकीतून दिसतो.
माझी बँक महालात,
त्याच्या (माझ्या?) गॅलरीपासून पायी पंचवीस मिनिटं.
छत्रपती चौकाच्या सिग्नलला कधी कधी
आम्ही समोरासमोर येतो.
तो हेल्मेटची काच वर करून ओरडतो,
“ताई, भाडं टाकलं बरं का!”
सिग्नल सुटतो.
त्याचं भाडं माझ्या हप्त्यात,
माझा हप्ता त्याच्या ऑफिसशेजारच्या घरात,
पेट्रोल दोघांचं.
हे मी दिवाकरना सांगितलं.
ते खूप हसले, मग एकदम गप्प झाले.

एप्रिलमध्ये फोन आला,
“ताई, कूलरचा पंप बिघडून राह्यला.”
इतवारीतून नवा पंप घेऊन गेले.
दारासमोर पर्समध्ये हात घातला,
मग आठवलं, आणि बेल दाबली.
चौदा वर्षं राहून ती बेल मी कधी वाजवली नव्हती,
बाहेरून ती इतकी किरटी वाजते हेही माहीत नव्हतं.
लहान पोरगी आत पळाली: “आई, कोणीतरी आलं!”

मला पाणी दिलं, वाटीत चार फुटाणे.
पाहुणे बसायचे त्याच जागी बसले.
तिथून थेट मोरीतली भांडी दिसतात.
इतकी वर्षं दिसत असणार सगळ्यांना,
कोणी बोललं नाही बाप्पा.

कूलर खिडकीत होता.
“दारात पोरगी अडखळते,” ती म्हणाली.
पंप बसवला, वाळ्याची ताटी भिजली,
आणि खोली गार झाली. चांगलीच गार.
चार उन्हाळे मी गिळून टाकले.

निघताना हात धुवायला गेले,
सवयीनं दार उचलून लोटलं,
ते धाडकन आदळलं.
“बिजागरी बदलली ताई, दीडशे लागले.
भाड्यातून कापू का?”
कापा म्हटलं.

पाच तारखेला अकरा हजार साडेतीनशे आले.
दिवाकर म्हणाले, दीडशे कमी काऊन?
मी वही काढली आणि
खर्चाच्या रकान्यात लिहिलं: बिजागरी.