देलेले

"उपयोग काय, विचार तिला," साहेब म्हणाले.
मी न्सेंगात विचारलं.
झेलिपा वारुळाच्या उतारावर वाकलेली,
चितेंगेच्या ओच्यात कोवळे शेंडे,
नखांच्या कडा हिरव्या.
"उपयोग? त्याला सांग, रात्री जेवायला ये."

मी इंग्रजीत सांगितलं : खाद्य.

साहेबांनी एक रोप मुळासकट उपटलं.
तिनं झटकन मान वर केली.
देलेले उपटत नाहीत इथं, खुडतात;
खुडलं की चौथ्या दिवशी दोन फांद्यांनी परत येतं.
हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं,
कारण साहेब फुलाच्या रंगाला नेमका शब्द शोधत होते.
झेलिपाकडे होता तो :
शेळीच्या पिल्लाची टाळू.

रोप आडवं झालं जुन्या वर्तमानपत्रात,
मक्याच्या भावांवर,
वर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर पट्टा, करकचून.
"वाळवणार?"
वाळवणार, म्हटलं.
"मीही वाळवते. छपरावर.
सप्टेंबरात रान जळून काळं होतं
तेव्हा मडकं उघडते.
हा कधी उघडणार?"

साहेबांना मी काय भाषांतर करून दिलं,
आता आठवत नाही.

चिठ्ठीवर सुबक अक्षरात लिहिलं :
मिओम्बोचं विरळ रान, वाळूमिश्र माती,
उंची हजारेक मीटर, संग्राहक अमुक.
झेलिपासाठी ओळ नव्हती.
वर्तमानपत्राच्या समासात तिचं नाव पेन्सिलीनं घातलं,
कागद रोज बदलतात हे ठाऊक असून.

रात्री गेलोच आम्ही.
शेंगांच्या टरफलांची राख,
भोकं पाडलेल्या डब्यातून थेंब थेंब गळलेलं तिचं पाणी,
त्यात देलेले असं सुटलेलं
की न्शिमाचा घास बुडवून उचलला
तर ताटापासून ओठापर्यंत एक तार.
साहेबांनी हात उंच नेला. आणखी उंच.
तार तुटेना.
हनुवटीवर आली, दाढीत शिरली.
कुणी हसलं नाही; पाहुणा तो.

मग झेलिपाची धाकटी, तिसाउके, चार वर्षांची,
उठून त्यांच्याजवळ गेली,
मनगट धरलं
आणि एक शब्द न बोलता, माझ्याकडे न बघता
फिरवून दाखवलं :
असं.
घास जरासा गोल वळवायचा,
मग तार त्याच्याच भोवती गुंडाळते.