सांगली फाटा, पहाटे पावणेचार

ट्रक उलटला नव्हता, नुसता कलला होता,
लग्नात जास्त झालेल्या पाहुण्यागत
दुभाजकावर कोपर टेकून.
मागचा फाळका निखळला
आणि इचलकरंजीच्या प्रोसेसला निघालेली पोती
रस्त्यावर फुटली.

पांढरं. हेडलाइटात चमचमणारं.
आमच्या आधी लोक पोचले होते.
या जिल्ह्यात रस्त्यावर पांढरं सांडलं
की आधी कारखानाच आठवतो.
"साखर हाय रं! खडीसाखर!"
कुणी गोणपाट आणलेलं, कुणी टॉवेल पसरलेला,
चहाच्या गाड्यावरची शेवंता आवळे
ॲल्युमिनियमचं पातेलं भरत बसलेली.

दस्तगीर मुल्लाणी, आमचे साहेब,
गाडी थांबायच्या आत उतरले.
रुमाल वर धरून वारा बघितला,
मग भोंग्यावरनं एवढंच :
"पातेलं ठेव, मावशी. तोंडात घालू नका. वाऱ्याच्या मागं व्हा."
आणि मला : "पंप बंद. एक थेंब नको."

माझ्या खांद्यावर होज, नोकरीला अकरावा महिना.
बंबावरचा माणूस पाणी नको म्हणतोय
हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो.
"कॉस्टिक हाय ते. पाणी मारलंस की उकळतंय, अंगावर उडतंय,
उरलेलं गटारीनं नदीत.
मग मासं मोजत बस."

शेवंताचं पातेलं तळाला ओलं होतं.
त्यात फसफस सुरू झाली,
धातू आपला आपण शिजायला लागला.
तिनं ते ठेवलं नाही, टाकलं,
आणि रस्ता ओलांडून
देवाचं नाव न घेता नुसती उभी राहिली.

शिरोलीतल्या फाउंड्रीतनं बापूसो खवरेंनी
रात्रपाळी थांबवून वाळू पाठवली,
साच्याची, कोरडी ठणठणीत, अजून जरा कोमट.
गटारीच्या तोंडाला तिचा बांध घातला.
मग रबरी हातमोजे, चष्मे,
प्लॅस्टिकची फावडी, झाकणाची पिंपं.
घाई नाही. धूळ उडवायची नाही.
झाडताना आवाज पोह्यांसारखा यायचा, त्याचा राग यायचा.

आणि तोवर हवेतला ओलावा पिऊन
त्या पांढऱ्याला घाम फुटू लागला.
प्रत्येक पापुद्रा आधी चकचकीत, मग चिकट.
निर्जीव वस्तू घामेजताना मी कधी बघितली नव्हती.

क्लीनर सापडला उशिरा.
मल्लाप्पा, सतरा-अठराचा, गाडीमागं बसून
मान खाजवत होता.
कॉलरच्या आत कण, गळ्यावर घाम.
मी होज उचललाच.
"थांब!" साहेबांनी हात धरला,
"आधी झाड. कोरडं झाड. मग धू."

मऊ ब्रश. शर्ट कात्रीनं कापला.
कानामागं, हसळीच्या खाचेत,
बारशातल्या पोराला न्हाऊ घालावं तितक्या हळू
त्या राकट हातांनी एकेक कण खाली पाडला.
पोरगं कन्नडमधनं आईला हाका मारत होतं.

मग साहेब म्हणाले, "आता पाणी.
आता सगळं पाणी."

अर्धा तास धार धरली मी, बारीक, थंड,
घड्याळाकडं बघत. माझे दंड भरून आले.
तो कुडकुडत म्हणाला, "पुरं की, अण्णा."
मी पुरं केलं नाही.

उजाडताना पिंपांना झाकणं लागली.
साहेबांनी माझी चप्पल दाखवली.
घाईत बूट घालायचे राहिले होते;
कापशीचं कातडं, करकर वाजणारं,
आता तळाला जेलीसारखं.
ते ओरडले नाहीत.
"बोटं बुळबुळीत लागली ना, की समजायचं
आपल्याच चरबीचा साबण व्हायलाय."

मल्लाप्पाच्या गळ्यावर रुपयाएवढा डाग राहिलाय म्हणे.
शेवंताचा गाडा तिथंच आहे. पातेलं स्टीलचं.

मी अजून जेवायच्या आधी
अंगठा तर्जनीवर घासून बघतो.
बायको म्हणते, पैसे मोजताय काय?
मी हो म्हणतो,
आणि परत एकदा हात धुतो.