परतीचं भाडं

वेर्ण्याला औषध कंपनीच्या मागच्या गेटापाशी
काजूचं एक वाकडं झाड आहे.
त्याच्या आसपास आम्ही सहा-सात छोट्या गाड्या लावून पडलेले असतो,
फोन छातीवर पालथा ठेवून.

तातडीचा माल. म्हणजे कुठेतरी मशीन बंद पडलेलं,
कुठला तरी साहेब ओरडतोय,
आणि चाळीस किलोच्या एका खोक्यासाठी
अख्खी गाडी हवी, आत्ता.

आत्ता म्हटलं की दर चढतो.
पण कुठे, हे आधी विचारायचं.
हे मला बाझिलनं शिकवलं, तेही हसता हसता,
चिपळूणहून मी रिकामा आलो त्या सकाळी:
"जायचं भाडं कोणीही मोजतो रे शाणू.
गाडी काय थंयच दवरून येतलो?"

तेव्हापासून वही केली.
कोल्हापूरसमोर टिकमार्क आहे, ठळक.
ओतकामाचे भाग, जड, घाटात क्लच रडतो,
पण शिरोलीला शिरगुप्पे म्हणून एक बुकिंगवाला आहे,
तो 'मिळेल' म्हणाला की मिळतं.
'बघतो' म्हणाला की निप्पाणीला जेवून घरी यावं.
कारवार इतकं जवळ, की गिऱ्हाईकाला पैसे द्यायची लाज वाटते.
रत्नागिरीवर काट. एप्रिल-मे सोडून.
होसूरचा आकडा बघून तोंडाला पाणी सुटतं,
म्हणून तिथे दोनशे गाड्या आधीच तोंड उघडून उभ्या.
तीन दिवस काढलेत मी त्या पंपावर,
एका बादलीत आंघोळ आणि बनियन, दोन्ही.

सुलक्षानं वही वाचली
आणि लाल पेनानं एक रकाना वाढवला: थांबलास किती?
मग होसूर खाली घसरलं
आणि हुबळी वर आली. अनमोडनं जायचं,
संध्याकाळी उतरायचं, रात्री भरायचं,
उजाडायच्या आत मोल्याला चहा.
कमी पैशांची हुबळी. मला पटेना.
तिनं परत बेरीज करून दाखवली, मग पटली.

आधी मी खनिजाचा टिपर चालवायचो.
सांवर्ड्याहून जेटी, जेटीहून सांवर्डे,
दिवसाला आठ-नऊ फेऱ्या, दातांत लाल धूळ.
कुठला इलाखा बरा, हा प्रश्नच नव्हता.
रस्त्याला दोनच टोकं होती,
आणि येताना रिकामं येणं हेच काम.
त्या रिकामेपणाचे पैसे मिळायचे.
खाणी बंद झाल्या तेव्हा टिपर बँकेनं नेला;
ती सवय काही नेली नाही.

परवा रात्री सव्वाअकराला फोन. चिपळूण.
पंपाचा सुटा भाग, पहाटेच्या आत पोचायला हवा.
दर दीडपट.
मी विचारलं, परतीला?
"परतीचं तुमचं तुम्ही बघा."
मी दुप्पट मागितली. फोन कट.

दोन मिनिटांनी पलीकडच्या गाडीत तोच आवाज,
तेच खोकं,
आणि बाझिल चपला शोधतोय अंधारात.

मी उठून गेलो. "अरे, चिपळूण! तूच म्हणाला होतास ना?"
"म्हटलं होतं."
"मग?"
"चेडवाच्या नर्सिंगचा हप्ता आहे, फाल्यां अकराच्या आत."
आरशावरचं दव त्यानं बाहीनं पुसलं,
जपमाळ एकदा हलवली,
आणि गेटातून निघून गेला, पात्रादेवीच्या दिशेनं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आला. रिकामा.
ताडपत्रीची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.
कोणी काही म्हणालं नाही.
झाडाखाली सावली एकाच गाडीपुरती पडते त्या वेळी,
आणि तिथे माझी होती.

मी किल्ली लावली,
गाडी सतरा पावलं पुढे घेतली, उन्हात.
वहीत हे कुठे लिहायचं, कळेना.
लाल रकान्यात तर बसत नाही.